मिस्त्रीची पक्कड

मिस्त्री माइकसमोर उभा राहून कधी "हॅलो, हॅलो" म्हणाला नाही. तो म्हणे, "शेंगदाने, फुटाने, पापड." मग थांबून पुन्हा, हळू, "शेंगदाने, फुटाने, पापड." लग्नाच्या मांडवात हे ऐकून पोरं फुटाणेवाल्याले शोधत फिरायची. एकदा तं वरमायच भडकली, की पंगत बसली नाही अन् हा पापडाचं काय सांगून राह्यला.

मी त्याले विचारलं, "मिस्त्री, सारी दुनिया हॅलो म्हनते, तुमचंच असं काहून?"

"हॅलोत काय हाये बे? हॅलो फुटक्या भोंग्यातूनही गोड लागते. 'श' म्हन, 'ट' म्हन, 'प' म्हन. भोंगा कुठं फाटून राह्यला ते शेंगदाना सांगते."

दारव्ह्याच्या बाजारात त्याचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाची एक खोली, त्यात आवाज मोठा करणाऱ्या, उघड्या पोटाच्या मशिनी, वायरीची भेंडोळी आणि मधात मिस्त्री. साठ सालानंतरची गोष्ट. मी त्याच्याकडे कामाले होतो. बॅटऱ्या वाहायच्या, लिंबाच्या झाडावर चढून भोंगा बांधायचा, उतरल्यावर शिव्या खायच्या. शाळा माझी दुसरीपर्यंत. मिस्त्री चौथी पास, आणि हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे. मी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, म्हणून मले तो 'नायक' म्हणे. आमच्या तांड्याचा खरा नायक, म्हणजे मुखिया, मोठ्या मिशांचा माणूस होता. त्याच्यासमोरही मिस्त्री मलेच "ए नायक, बॅटरी उचल" म्हणे, आणि मले घाम फुटे.

माझी बायको बाजाराच्या दिवशी तांड्यावरून येई आणि दुकानाच्या उंबऱ्यावर गाठोडं टेकवून बसे. तिचं नाव सक्री. ती होती तोवर चारचौघांत तिचं नाव मी कधी घेतलं नाही. आता घेतो. आता कोण हसते ते पाहू.

सक्रीले मिस्त्री येडा वाटे. त्याचं कारण त्याचे दात. उजव्या कानानं त्याले कमी ऐकू ये. मशीन तपासायची असली की तो एक लाकडी पट्टी मशिनीवर टेकवे आणि दुसरं टोक दातात धरे. डोळे मिटून, लाळ गळेपर्यंत तसाच उभा. "कान खोटं बोलते," म्हणे, "दात नाई बोलत." मग मशीन चालू ठेवून तो रस्ता ओलांडून कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपलीकडे जाई आणि तिथून ऐके. गिऱ्हाईक दुकानात उभं, मिस्त्री भिंतीमागे. गिऱ्हाईक ओरडे, "कसं हाये जी?" भिंतीमागून उत्तर ये, "जवळून तं गाढवही सुरात लागते! तू बी इकडं ये!"

पण त्याचं नाव झालं ते पक्कडीनं.

एका पाटलाच्या घरी लग्न होतं. मंगलाष्टकं चालू होती. शेजारच्या गावात ऐकू गेलं पाहिजे म्हणून पाटलाच्या साळ्यानं मशीनचं बटन शेवटापर्यंत फिरवलं. भटजीचा आवाज असा फाटला की 'सावधान' म्हटलं की कोणी दगडावरून पत्रा ओढून राह्यलं असं वाटे. मिस्त्री उठला. खिशातून पक्कड काढली आणि भरल्या मांडवात भोंग्याचा वायर कट्टकन तोडला.

पाटील धावत आले. "मिस्त्री, हे काय केलं?"

"फाटक्या आवाजात लगन लागलेलं मले पाहवत नाई, पाटील. आता भटजीले तोंडानं म्हनू द्या. अक्षता तशाही डोक्यावरच पडतात."

साळ्यानं हात उगारला. मिस्त्री हलला नाही. तेवढ्यात नवरीची आजी मांडवाच्या कोपऱ्यातून बोलली, "राहू द्या गा त्याले. मले भटजीचं आत्ताच समजाले लागलं." तिच्यामुळं वाचला. तेव्हापासून तो पक्कडवाला मिस्त्री. बाजारात लोक चिडवत, "मिस्त्री, वाढवू का आवाज?" आणि तो खरंच खिशात हात घाले.

अशा माणसाकडे गिटारवाला आला.

हा आधी गिटारवाला नव्हता. दारव्ह्याच्याच एका बँडपार्टीत गात होता. वरातीत त्याचं गाणं चालू झालं की घोडंही हळू चाले असं लोक म्हणत. मग घशाचं दुखणं निघालं, नागपूरले ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज. पोटासाठी त्यानं मांडीवर ठेवून वाजवायची गिटार धरली. डाव्या हातात लोखंडाचा तुकडा, तो तारांवरून सरकवायचा. आधी गायची तीच गाणी आता तो तारांवर काढे. मिस्त्रीनंच टेलिफोनच्या जुन्या कानातलं चुंबक काढून, त्याले बारीक तार गुंडाळून गिटारीले बसवून दिलं होतं, म्हणजे तिचा आवाज मशीनमध्ये जाई. पण ढोल वाजला की संपलं. गिटार नुसती तोंड हलवणाऱ्या माणसासारखी दिसे. लोक त्याले मुका म्हणत. मिस्त्री एकटा त्याले 'गवय्या' म्हणे. आवाज होता तेव्हा कधी म्हणाला नाही. गेल्यावर म्हणायला लागला.

बँडमालकानं त्याले सांगून टाकलं होतं. आखाजी झाली की लग्नाचा मोठा सीझन. तोवर गिटार ढोलावरून ऐकू आली तं राहा, नाहीतर तुझ्या जागी माझा भाचा झांज वाजवेल.

गवय्या मिस्त्रीच्या कानाशी, म्हणजे डाव्या कानाशी, वाकला. "मिस्त्री, नुसता मोठा नको. मोठा होऊन फाटला पाह्यजे."

"काय?"

"फाटला पाह्यजे. दवाखान्यासमोरच्या हॉटेलात रेडिओवर ऐकलं मी. कोन्या मुलखाचं होतं माहीत नाई. गिटार फाटून राह्यली होती, पन मानूस बोलून राह्यला असं वाटे. माह्या गळ्यात जे अडकलं हाये ते तसंच निंघन."

मिस्त्रीनं खिशातून पक्कड काढली आणि समोर ठेवली. मले वाटलं, आता याच्या डोक्यात हाणते.

"सारी जिंदगी मी फाटका आवाज शिवून राह्यलो, अन् तू मले फाडाले सांगतं?"

"हो जी."

मिस्त्रीनं त्याच्या गळ्यावरची खूण पाहिली आणि पक्कड परत खिशात टाकली. मग मले म्हणाला, "नायक, तीन चहा सांग."

त्या दिवसापासून दुसरं काम बंद. लोक दुरुस्तीच्या मशिनी घेऊन येत आणि मिस्त्री त्यांले म्हणे, "तुह्या भजनाले देव थांबते, याच्या गिटारीले मालक नाई थांबत."

गिटार आणि मशीन यांच्या मधात एक छोटी डबी पाहिजे होती. गिटारीचा मरतुकडा आवाज आधी डबीत शिरेल, जोर धरेल, पाहिजे तेव्हा फाटेल आणि मग भोंग्यात जाईल. हात दोन्ही तारांवर असतात, म्हणून डबी पायानं चालू-बंद व्हायला पाहिजे. लहान पाहिजे, कारण वरातीत जागा नसते. आणि मजबूत पाहिजे, कारण वरातीत घोडं असते.

पहिली डबी यवतमाळच्या एका रेडिओवाल्याची. पानाच्या डब्याएवढी. मिस्त्रीनं पट्टी दातात धरली आणि मान हलवली: पोटात गुरगुर नाही. भिंतीमागे गेला, तिथूनही साफ. पण फाटायचं नाव नाही. कितीही ओढा, ती आपली शहाण्या जावयासारखी बोले. तरी एका हळदीले नेऊन पाहिली. गवय्या रंगात आला आणि गिटारीतून एकदम बाई बोलायले लागली. रेडिओवर कापसाचे बाजारभाव चालू होते, ते डबीनं धरले. नाचणारे लोक जागच्या जागी थांबून भाव ऐकत उभे राह्यले. नवरदेवाचा बाप म्हणाला, "राहू द्या, राहू द्या, पुढचं ऐकू द्या." मिस्त्रीनं तिथंच निकाल दिला: "डबी हुशार हाये. पन तिले लगनापेक्षा बाजारात गोडी हाये."

दुसरी डबी परदेशी. गवय्याच्या ओळखीचा एकजण मुंबईत वादकांत उठे-बसे, त्यानं ती थोड्या दिवसांसाठी पाहायले दिली. दिसायले अशी देखणी की मिस्त्रीनं आधी हात धुतले. तळहातावर मावे. वर पायानं दाबायचं बटन, दोन कान पिळायले. सेल टाकला, बटन दाबलं, गवय्यानं तार छेडली. भोंग्यातून असा आवाज निघाला की समोरच्या हॉटेलातलं कुत्रं टेबलाखालून उठून गेलं. गवय्याचे डोळे भरले. मिस्त्रीनं पट्टी दातात धरली, काढली, पुन्हा धरली. भिंतीमागे गेला. परत आला तो तोंड वाकडं करून.

"अथून वाघ वाटते. तथून, भिंतीमागून, बाटलीत अडकलेली माशी वाटते."

गवय्या कुजबुजला, "मिस्त्री, हेच, हेच ऐकलं होतं मी."

"तू हॉटेलात बसून ऐकलं. माह्या भोंग्याले पोट नाई, नुसतं नरडं हाये. डबी बेकार नाई गा. ती आपल्या भोंग्याची नाई." मग त्यानं गवय्याले सांगितलं, "हळू छेड." गवय्यानं हळू छेडलं. फाटलेलंच. "अजून हळू." तेही फाटलेलंच. "पाह्य. हिले सांगावंच लागत नाई. बटन दाबलं की सुरू. किरायानं रडनारी हाये."

तिसरी मिस्त्रीनं स्वतः बांधायले घेतली. जर्द्याचा टिनाचा डबा, फुटक्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटातले दोन दाणे, आणि पायखटक्यासाठी भंगारातल्या जीपचा डिपर. जुन्या जीपले दिव्याचा डिपर पायाखाली असे, तोच. मिस्त्री म्हणाला, "जो ड्रायव्हरचा जोडा सोसते, तो वरात सोसन." डबा बांधला की तो कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाके, मग मले म्हणे, "नायक, तू आता घोडं हायेस." मी लाथ मारायची. डबा जगला तरच पुढचं.

डबा जगे. पण आवाज जमत नसे. मिस्त्री फाडायले बसे आणि हात आपोआप शिवायले लागे. जिथं आवाजाची कड खरखरीत होई तिथं तो डाख देऊन काहीतरी जोडून ती गुळगुळीत करे. रोज फाटणं थोडं सभ्य होई. गवय्या ऐके आणि मान खाली घालून म्हणे, "बरं हाये." गुढीपाडवा उलटला होता आणि तो 'बरं हाये' मले ऐकवत नसे.

अशाच एका बाजाराच्या दिवशी सक्री उंबऱ्यावर बसली होती. मिस्त्रीनं डबा चालू केला, गवय्यानं बिदाईचं गाणं वाजवलं. सक्रीनं पदरानं तोंड झाकलं. मिस्त्री खूश झाला, त्याले वाटलं रडली. ती हसून राह्यली होती.

"काय झालं, वहिनी?"

"काई नाई, मिस्त्रीभाऊ. त्याच्या पोटात दुखते असं वाटलं."

मी तिले डोळे दाखवले. पण मिस्त्री चिडला नाही. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "मंग कसं पाह्यजे?"

"मले काय ठाऊक तुमच्या डब्यातलं? पन रडनं असं नसते. आमच्यात लगनाच्या आधी म्हाताऱ्या बाया पोरीले रडाले शिकवतात."

"रडाले शिकवतात?"

"ढावलो म्हनतात त्याले. नवरी निंघते तवा एकेकाच्या गळ्यात पडून म्हनते. मले माह्या आजीनं शिकवला. मी पह्यल्याच ओळीले गळा काढला तं तिनं थोबाडीत ठेवून दिली. म्हने, आधीच फाटली तं पुढं काय नेशील? छाती भरून, साफ सुरू कर. मानूस जसं जवळ ओढलं, तसं फाटू दे."

मिस्त्री म्हणाला, "म्हनून दाखवा, वहिनी."

"हट्! कोनाचं लगन हाये? लगनाबिगर ढावलो म्हनतात का कोनी? अशुभ असते."

मिस्त्रीनं हात जोडले, गवय्यानं जोडले. ती गाठोडं उचलून निघून गेली. जाताना मले म्हणाली, "तुह्या मालकाले सांग, आपल्या शेजारच्या पोरीचं लगन ठरलं हाये. ऐकाचं असन तं तांड्यावर या म्हनाव. जेवूनच जा म्हनाव."

मिस्त्री आला. गवय्याले घेऊन, डबा न घेता. सकाळची बिदाईची वेळ. नवरी बापाच्या गळ्यात पडली, मग भावाच्या, मग चुलत्यांच्या. प्रत्येकाले वेगळं म्हणे. सूर सरळ निघे, आणि माणसाले मिठी घट्ट झाली की तिथं चिरके. सोडलं की पुन्हा साफ. लोक मांडवात, आणि मिस्त्री सवयीनं दूर, तांड्याच्या शेवटच्या कुडापलीकडे जाऊन उभा. नवरीच्या मामानं विचारलं, "तो मानूस तिकडं काहून उभा हाये? रुसला काय?" मी म्हटलं, "नाई, तो ऐकून राह्यला."

शेवटी नवरी सक्रीच्या गळ्यात पडली. तिले ढावलो शिकवणाऱ्यांत सक्रीही होती. नवरीचं झाल्यावर सक्रीनं दोन ओळी उलट म्हटल्या. तिचा आवाज मी त्याआधी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. आमच्या लग्नात ऐकला असेल, पण तेव्हा मी माझ्या पागोट्याच्या फिकिरीत होतो.

परत आम्ही तिघं बैलगाडीनं निघालो. गाव दिसायले लागलं तेव्हा मिस्त्री एकदम म्हणाला, "फाटनं दोन जातीचं असते, नायक. एक उपाशी फाटते. सेल मेला, मशीन दमली, बटन पार पिळलं, देनं होत नाई म्हनून फाटते. ते मी तोडत आलो, अन् बराबर केलं. दुसरं पोट भरून फाटते. इतकं भरते का मावत नाई." मग गवय्याकडे वळून म्हणाला, "मी तुह्यं फाटनं शिवत होतो बे. तोंडानं सांगाले काय झालतं?"

गवय्यानं गळ्याकडे बोट दाखवलं. तिघंही हसलो.

दुकानात येऊन त्यानं डब्यातलं आपलं सारं गुळगुळीत काम उपसून काढलं. नवा डबा असा बांधला की तार हळू छेडली तं आवाज साफ, पाण्यासारखा; जोरात ओढली की कडेले चिरके; आणि लोखंड तारेवर दाबून धरलं की पूर्ण फाटे, पण सूर सोडत नसे. दातांनी पास केलं. भिंतीनं पास केलं. घोड्यानं, म्हणजे मी, पास केलं. एक खोड राह्यली, खटका दाबला की भोंग्यात 'खट्' असं ये. ते काही केल्या जाईना. मिस्त्री म्हणाला, "राहू दे. रडाच्या आधी मानूस घसा साफ करतेच."

आखाजी झाली. दारव्ह्यातच एका शेतकऱ्याच्या घरची बिदाई. मशीन हातगाडीवर, भोंगा मी लिंबाले बांधलेला, गवय्या खुर्चीवर, पायाखाली जर्द्याचा डबा. बँडमालक मांडवाच्या खांबाले टेकून, शेजारी त्याचा भाचा झांजा घेऊन तयार. ढोल सुरू झाला. गवय्यानं हळू सुरुवात केली, आणि नेहमीसारखी गिटार ढोलाखाली गेली. भाच्यानं झांजा वर उचलल्या.

खट्.

गवय्यानं लोखंड दाबलं. ढोलाच्या वरून, क्लॅरिनेटच्या वरून, लिंबाच्या शेंड्यावरून ते निघालं. ढोलवाल्याचा हात आपोआप हलका झाला. आणि मग त्या सुराची कड फाटली.

बँडमालक ओरडला, "बिघडलं! मिस्त्री, फाटलं! मशीन फाटली, वायर तोड!"

सारा मांडव मिस्त्रीकडे वळला. सगळ्यांले ठाऊक होतं आता काय होणार. मिस्त्रीनं खिशात हात घातला, पक्कड काढली. गवय्यानंही पाहिलं असेल, कारण त्याचा हात तारेवर थांबला नाही पण मान वर झाली. मिस्त्री वायरपर्यंत चालत गेला. तिथं उभा राह्यला. मग वळून त्यानं पक्कड माझ्या हातात दिली.

"धर, नायक. कोनी हात लावला तं बोटं तोड. फाटू दे."

आणि तो त्या भरल्या लग्नातून निघून दूर रस्त्यापलीकडे गेला, एका भिंतीमागे, ऐकायले.

नवरीच्या बापाले रडू येत नव्हतं. सकाळपासून तो नुसता पाणी वाढत, दोऱ्या सोडत फिरत होता. तो हातातली दोरी घेऊन तसाच खाली बसला. मग कोणाले गिटारीकडे पाहायची फुरसत राह्यली नाही. बँडमालक डोळे पुसत भाच्याले म्हणाला, "झांजा ठेव रे तिकडं." बस, एवढंच. गवय्या पुढं लई वर्षं त्या बँडात वाजवत होता, आणि लोक त्याले गवय्या म्हणत.

मिस्त्री कधीच गेला. त्या दिवशी दिलेली पक्कड त्यानं परत मागितली नाही आणि मीही दिली नाही. ती घरात आहे.

मागच्या उन्हाळ्यात सक्री गेली. तांड्यावरच्या बाया आल्या, पण ज्यांले ढावलो येत होता त्या सगळ्या तिच्या आधीच गेल्या होत्या. तिले उचलायची वेळ आली तेव्हा मी तिचं नाव घेतलं. मोठ्यानं, चारचौघांत, पहिल्यांदा. पहिल्यांदा साफ निघालं. दुसऱ्यांदा चिरकलं. तिसऱ्यांदा असं फाटलं की पोरगा धावत आला. माझ्या खांद्याले धरून म्हणाला, "बा, बस करा, आवाज बसन तुमचा. पानी प्या."

मी त्याचा हात बाजूले केला.

"राहू दे," म्हटलं. "पोट भरून फाटून राह्यलं. फाटू दे."